लेकीच्या अभ्यासाबाहेर

९ जानेवारी

ठकीच्या संशोधनाला समितीची मंजुरी मिळाली! फोनवर सांगताना तिचा आवाज इतका साधा, जणू घरातली साखर संपलीय म्हणून सांगतेय. मी मात्र खुर्चीतून असा ताडकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि टेबलाचा काठ धरावा लागला. आनंदाने माणसाला भोवळ येते म्हणतात ते खोटं नाही.

ठकी हे घरातलं नाव. बाहेर ती हृदयाची डॉक्टर, आणि तिच्या रुग्णालयात मला 'मॅडमचे वडील' म्हणतात. मी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. अर्ध्या गावाने माझ्या शेजारी बसून पहिला गिअर टाकलाय. पण त्या सगळ्यापेक्षा ही पदवी मोठी. म्हणून आजपासून ही वही. उद्या कोणी विचारलं, मॅडमचं काम सुरू कसं झालं, तर पुरावा असावा.

काम असं आहे. काही माणसांच्या रक्तात एक नको ते प्रथिन तयार होतं आणि हृदयाच्या भिंतींत जाऊन साचतं. भिंती जाड होतात, ताठ होतात. वरवर पाहता साधं हृदय थकल्यासारखं दिसतं. मग लघवी होण्याच्या गोळ्या देतात, आराम करा म्हणतात, आणि आजाराचं खरं नाव कळेपर्यंत गाडी दरीत गेलेली असते. तो आजार लवकर ओळखायचा, हा ठकीच्या कामाचा एक भाग. नेहमीच्या औषधांना एक नवीन इंजेक्शन जोडलं तर माणसं जास्त वाचतात का, हा दुसरा.

ही म्हणाली, "अहो, शेजारी सांगून आलात का?"

म्हटलं, "केव्हाच."

२१ जानेवारी

आज ठकीने रुग्णालयाच्या सभागृहात सगळ्या डॉक्टरांपुढे आपली आखणी मांडली. घरच्यांना बोलावणं नव्हतं. मी गेलो. कोणी हटकलंच तर प्रोजेक्टर दुरुस्तीवाला म्हणून सांगायचं ठरवलं होतं, पण कोणी विचारलंच नाही.

काय बोलली पोरगी! पडद्यावर दोन चित्रं दाखवली. एका चित्रात हृदयाची जाडजूड भिंत. दुसऱ्यात त्याच माणसाचा कार्डिओग्राम. म्हणाली, "भिंत एवढी जाड, तर ठोके कागदावर डोंगरासारखे उमटायला हवेत. इथे टेकाडंसुद्धा नाहीत. ही विसंगती दिसली की थांबा, आणि रक्त तपासा." मला लगेच कळलं. इंजिन मोठं दिसतंय पण आवाज स्कूटरचा येतोय, तर बॉनेट उघडा.

मग एक डॉक्टर उठले. रक्ताच्या आजारांचे मोठे तज्ज्ञ म्हणे. चेहरा असा, की सकाळी उठून लिंबू चोखल्याशिवाय कामाला येत नसावेत. मी त्यांचं नाव आंबटराव ठेवलंय.

"नवीन इंजेक्शन कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणार कोण?"

"कोणीच नाही, सर. संगणक चिठ्ठी काढेल."

"तुमच्या ओळखीचा पेशंट आला तर?"

"तरी चिठ्ठीच."

"आणि चिठ्ठी तुमच्या मनाविरुद्ध निघाली तर?"

"तर मनाविरुद्ध पाळायची," ठकी म्हणाली. पापणी लवली नाही तिची.

मी टाळ्या वाजवल्या. दुर्दैवाने एकट्यानेच. सगळं सभागृह वळून बघू लागलं, आणि ठकीने मला पाहिलं. घरी आल्यावर बोलणी खाल्ली ती इथे लिहीत नाही.

सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे. पायऱ्या कुठल्या गवंड्याने बांधल्या कोण जाणे, मध्ये दोनदा उभं राहावं लागलं. रुग्णालयात तरी माणसाचा विचार करावा.

४ फेब्रुवारी

नवे बूट परत करायला गेलो. सकाळी व्यवस्थित बसतात, संध्याकाळी पाय आत जात नाहीत. दुकानदार म्हणतो, बूट तेच आहेत, पाय वाढलेत. हल्ली कोणालाच आपली चूक मान्य करायची नसते.

चष्माही बदलायला हवा. डोळ्यांखाली जांभळे डाग पडलेत, नाकावर रुततो बहुतेक. ही म्हणते, डाग चष्म्याच्या जागी नाहीत. हिचं सगळ्यात असंच.

रविवारी ठकी जेवायला आली होती, पण निम्मा वेळ फोनवर. पहिला पेशंट अभ्यासात आलाय, एक सुतार. कवळी रुतते एवढं तिला सांगितलं, बुटांचं काही सांगितलं नाही. जी बाई लोकांची हृदयं उघडून वाचते तिच्यापुढे बापाने चपलांचं रडगाणं गायचं म्हणजे कमाल झाली.

१६ फेब्रुवारी

आज मला संशोधनात हातभार लावायची संधी मिळाली! सविस्तर लिहितो.

सकाळी ठकीचा फोन. पेशंटना वाटायचं माहितीपत्रक तयार केलंय, पण भाषा फार जड झालीय. "बाबा, मी वाचते. तुम्हाला कळलं तर सगळ्यांना कळेल." हा अपमान की सन्मान, याचा विचार न करता मी पेन घेऊन बसलो.

"हातांच्या बोटांमधील संवेदना क्षीण होणे," तिने वाचलं.

म्हटलं, "असं कोण बोलतं? मुंग्या येणे लिही. मला रोज पहाटे येतात, दोन्ही हातांना. इतक्या वर्षांत मी कधी हिला 'माझी संवेदना क्षीण झाली' म्हटलं नाही."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "पुढचं. घोट्यांभोवती सूज."

"त्यापेक्षा लिही, संध्याकाळी बूट घट्ट होणे. मी परवाच एक जोड परत केला."

"बाबा…"

"वाच, वाच. मला वेळ आहे."

"डोळ्यांभोवती…" तिचा आवाज बारीक झाला. "डोळ्यांभोवती आपोआप जांभळे डाग."

"हे सोपं आहे, कळतं. फक्त 'चष्म्यामुळे नसलेले' असं घाल, नाहीतर माझ्यासारखे लोक उगाच घाबरतील."

"जीभ जाड झाल्यासारखी वाटणे. बोलताना शब्द जड येणे. बाबा, तुमची कवळी…"

"कवळी अजून त्रास देतेच आहे. जिभेला कडेने दातांचे वळ पडतात. पण तू माहितीपत्रकाचं बोल."

त्यानंतर काही ऐकूच येईना. मी बराच वेळ हॅलो हॅलो केलं. रेंज गेली असावी.

थोड्याच वेळात ती स्वतः दारात. रुग्णालयाचा पांढरा कोट तसाच अंगात. मला वाटलं, माझ्या सूचना लिहून न्यायला आली. मी कागद पुढे केला. तिने कागद घेतलाच नाही. माझ्यासमोर जमिनीवर बसली, पायमोजा खाली केला आणि घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना. ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली.

"दर रविवारी," ती म्हणाली, "दर रविवारी मी तुमच्यासमोर बसून जेवतेय."

"मग काय झालं? जेवायलाच तर बोलावतो."

१८ फेब्रुवारी

तपासण्या. रक्त, लघवी, कार्डिओग्राम, हृदयाचं चित्र. पोटाच्या कातडीखालची चरबी चिमूटभर काढली. हाडातला मगजही काढला, तेव्हा सगळे पूर्वज आठवले. पण रुग्णालयात मान मोठा. चाकाची खुर्ची, पाणी, 'मॅडमचे वडील' म्हणून जो तो डोकावून जातोय.

कार्डिओग्रामच्या मुलीला म्हटलं, दाखव बरं माझे ठोके. कागदावर अगदी बारीक टेकाडं होती. बरं वाटलं. डोंगर असते तर काळजीचं होतं.

हे हिला सांगितलं. हिने पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेली.

२३ फेब्रुवारी

तोच आजार आहे. अमायलॉइड.

ठकीने स्वतः सांगितलं नाही. नियम असा की घरच्या माणसावर तिने उपचार करायचे नाहीत. मला तिने ज्यांच्या हवाली केलं ते कोण? आंबटराव!

त्यांनी न हसता, न फिरवता सांगितलं. हाडांच्या मगजात काही पेशी बिघडल्यात, त्या हे प्रथिन तयार करतायत. ते हृदयात साचलंय. साचलेलं लगेच निघत नाही, पण कारखाना बंद पाडता येतो. दर आठवड्याला इंजेक्शन, सोबत गोळ्या.

"मी मरणार का?" मी विचारलं.

"अजून वर्षभर तुम्ही बुटांनाच दोष देत राहिला असतात तर नक्की. आता आपल्या हातात काहीतरी आहे."

मला आधी भीती वाटली. मग, खरं लिहायचं तर, अभिमान वाटला. ज्या आजारासाठी ठकीने एवढा घाट घातला, त्यात ती म्हणते तसं सगळं माझ्यात सापडलं. पोरगी बरोबर होती. मी स्वतः त्याचा पुरावा.

२५ फेब्रुवारी

वाईट दिवस.

मी उत्साहाने म्हटलं, चला, अभ्यासात माझं नाव घाला. ठकी म्हणाली, "नाही, बाबा. अभ्यास करणाऱ्याचे नातेवाईक घेता येत नाहीत. तुम्हाला नेहमीची औषधं मिळतील. चांगली आहेत ती."

"आणि नवीन इंजेक्शन?"

"ते फक्त अभ्यासातच मिळतं."

ही आजवर कधी ठकीवर आवाज चढवून बोलली नव्हती. आज बोलली. "सुताराला मिळतंय, रस्त्यावरच्या परक्या माणसाला मिळतंय, आणि जन्मदात्याला नाही? शिकवलं कशाला तुला आम्ही?"

"आई, ते चांगलंच आहे हे मला माहीत असतं तर मी अभ्यास केला नसता, सगळ्यांना वाटत सुटले असते. माहीत नाही म्हणून तर हा खटाटोप."

"तुझ्या मनाला काय वाटतं?"

ठकी म्हणाली, "मनाला काय वाटतं ते मी कुठेच लिहीत नाही."

आणि उठून स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरची धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. परत आली तेव्हा नाक लाल, डोळे लाल. मी हिला म्हटलं, पोरीला सर्दी झालीय, वाफ घ्यायला सांग. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र उघडलं.

१ मार्च

आंबटरावांना गाठलं. म्हटलं, मला अभ्यासात घ्या. तिला न विचारता.

"नाही."

"वशिला नको. चिठ्ठी काढा. नशिबात असेल ते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा. तुमच्या चिठ्ठीत नवीन इंजेक्शन निघालं, तर उद्या जगभरचे डॉक्टर म्हणतील, बाईंनी बापासाठी चिठ्ठी फिरवली. मग या कामावर कोणी विश्वास ठेवायचा? आणि नाही निघालं, अन् तुमचं काही बरंवाईट झालं, तर? सगळ्या पेशंटचे निकाल शेवटी तिच्या हातात येणार आहेत. तो हात थरथरला तर त्यातून निघणारं उत्तर कोणाच्याच उपयोगाचं नाही."

मी टेबलावरचा त्यांचा चष्मा उगाच सरळ केला.

"त्या दिवशी सभागृहात तुम्ही टाळ्या वाजवल्यात," ते म्हणाले. "मी तो प्रश्न का विचारला, माहीत आहे? काही लोक तो पाठीमागे विचारणार होते. सगळ्यांसमोर विचारला म्हणजे तिला सगळ्यांसमोर उत्तर देता आलं."

म्हणजे हा गृहस्थ पहिल्यापासून आमच्याच बाजूचा! चेहऱ्यावरून कोण ओळखेल?

निघताना विचारलं, "ठकीने माझ्यासाठी तुमच्याकडे काही मागितलं का?"

"एवढंच म्हणाली की ते सुईला घाबरतात, पण कबूल करणार नाहीत."

साफ खोटं आहे.

घरी येताना मनात एक गोष्ट पक्की झाली. पोरीच्या कामाला माझा हातभार एकच, मी त्यात नसणं. गाडी शिकवताना तेच सगळ्यात अवघड असतं. आपले पाय ब्रेकपासून लांब ठेवून बसायचं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्हाला पटलं?"

म्हटलं, "पटलं."

"मला नाही पटलं," ही म्हणाली. पण संध्याकाळी ठकीला फोन करून विचारलं, जेवलीस का.

१९ मार्च

इंजेक्शनं सुरू. बाजूच्या खाटेवर तोच सुतार. उंच, हाडकुळा, विनोदी माणूस. त्याला चिठ्ठीत नवीन इंजेक्शन निघालंय. मी त्याला सांगितलं नाही की मला मिळत नाही. फक्त विचारलं, त्याला माहीत आहे का की हा सगळा अभ्यास कोणाच्या डोक्यातून निघाला. मग सुरुवातीपासून सांगितलं. त्याला झोप लागली, पण ती औषधाने.

जेवण अळणी. मिठाची बरणी हिने कुठे लपवलीय, हे शोधणं एवढाच आता घरात विरंगुळा.

३० मे

सुतार आज जिना चढून आला, लिफ्टने नाही. म्हणाला, परवा शिडीवर चढून दाराची चौकट बसवली. मी अजून सपाटीवर. पायाची सूज उतरलीय, मुंग्या आहेत. रक्तातलं प्रथिन बऱ्यापैकी खाली आलंय, पण पुरतं नाही.

हिने सुताराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझी शाल उगाचच नीट केली. त्या क्षणी मला असूया वाटली, हे लिहून ठेवतो. वही खाजगी आहे. जाताना सुताराचा हात हातात घेतला आणि म्हटलं, शिडी जपून.

१२ ऑगस्ट

ठकी हल्ली कामावरून रोज येते. माझ्या औषधांबद्दल अक्षर काढत नाही. सूप गरम करते, माझ्या पायांशी बसते, गप्पा मारता मारता घोट्यावर बोट ठेवते. मला वाटतं, तिला दमल्यावर जमिनीवर बसायला बरं वाटतं.

इतर रुग्णालयंही अभ्यासात आलीत. आता साध्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा जाड भिंत आणि बारीक ठोके दिसले की रक्त पाठवतात. एका बाईंचा आजार तर माहितीपत्रक वाचून त्यांच्या सुनेने ओळखला. 'मुंग्या येणे' वाचून! तो शब्द कोणाचा, हे मी त्या सुनेला शोधून सांगावं असं मला वाटत होतं. ठकीने परवानगी दिली नाही.

६ फेब्रुवारी, नवी वही

इतके महिने लिहिण्यासारखं नव्हतं. जगलो, फिरलो, मीठ सापडलं नाही.

आज आंबटरावांनी सांगितलं की प्रथिन पुन्हा वर सरकतंय. थोडंच. औषधं बदलून बघू म्हणाले. मी विचारलं, ठकीला माहीत आहे? म्हणाले, "मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढच्या पेशंटची फाइल उघडली."

शाब्बास, म्हटलं. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

२३ सप्टेंबर

आजचा दिवस सगळा लिहायला हवा.

मोठी परिषद. सभागृह खच्चून भरलेलं, देशोदेशीचे डॉक्टर. यंदा मला रीतसर निमंत्रण होतं. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला आंबटराव. त्यांनी बसल्या बसल्या बजावलं, "टाळ्या सगळ्यांबरोबर."

ठकी मंचावर आली. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक नेहमीच्या औषधांची, एक नवीन इंजेक्शन मिळालेल्यांची. सुरुवातीला जवळजवळ. मग हळूहळू एकमेकींपासून लांब होत गेल्या. मला वाचता येत नाहीत असं नाही. नवीनवाली रेघ वर होती.

ती म्हणाली, "नवीन इंजेक्शन मिळालेल्यांत कितीतरी जास्त जणांचं रक्त स्वच्छ झालं, आणि हृदयही जास्त सावरलं." मग पाणी प्यायली. हिने माझा हात धरला, बोटं दुखतील इतका घट्ट. त्या दोन रेघांपैकी एकीतही मी नव्हतो.

प्रश्नोत्तरांत पाठीमागून एक बाई उठल्या. "तुमची खात्री मध्येच कधी डळमळली का? अभ्यास थांबवून सगळ्यांनाच औषध द्यावं असं वाटलं?"

"रोज," ठकी म्हणाली. "एका माणसाकडे पाहून रोज वाटायचं. पण तो माणूस अभ्यासात नव्हता. आणि माझं वाटणं म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर आज मिळालं."

कोणाला कळलं नाही. आंबटराव घसा खाकरून छताकडे बघत होते. मग सगळे उभे राहिले, सगळं सभागृह. मी सगळ्यांत शेवटी उठलो, कारण मला उठायला वेळ लागतो. पण बसलोही सगळ्यांत शेवटी.

बाहेर ती गर्दीतून वाट काढत आली. सगळ्यांना हसून उत्तरं देत होती, माझ्यासमोर आल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले.

"बाबा, मी तेव्हाच दिलं असतं तर…"

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"नाही. वाटत होतं."

"नुसत्या वाटण्यावर गाडी हाकणाऱ्यांना मी कधी परीक्षेला बसू दिलं नाही. तुला कसं दिलं असतं?"

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, एवढ्या मोठ्या डॉक्टरांसमोर. मला कळलं की ही काही सर्दी नाही. आणि कधीच नसावी. ही म्हणाली, "ठके, चुकलं माझं." ठकी म्हणाली, "नाही गं आई. तू बोललीस ते मी रोज स्वतःला बोलत होते."

तेवढ्यात आंबटराव आले. म्हणाले, "मॅडम, आता अभ्यास संपला. परवानगीचे कागद निघालेत. माझ्या एका पेशंटला हे इंजेक्शन द्यायचा विचार आहे. फार बोलतात, पण द्यायला हवं."

१४ डिसेंबर

नवीन इंजेक्शन सुरू होऊन काही आठवडे झाले. आज अहवाल आला. रक्तातलं ते प्रथिन जिथे असायला हवं तिथे आलंय. आंबटरावांनी कागद दोनदा वाचला, आणि हसले. खरोखर हसले. त्यांना दात आहेत हे आज कळलं.

ठकीला त्यांनीच फोन लावून दिला. तिकडून आधी काहीच आवाज येईना. या वेळी मी हॅलो हॅलो केलं नाही. थांबलो. मग ती म्हणाली, "बाबा, घरी येते. आईला सांगा, आज मीठ घाल थोडं."

दुपारी सुई टोचताना नर्सबाईंना म्हटलं, "हे औषध सगळ्यांना मिळायला लागलं ते कोणाच्या कामामुळे, माहीत आहे का तुम्हाला?"

"माहीत आहे, काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागच्या खेपेला सांगितलंत. त्याआधीच्या खेपेलाही सांगितलंत. आता हात हलवू नका, आणि जरा पडा."

मी पडलो. बाजूच्या खाटेवर एक गृहस्थ होते. आजच आलेले, घाबरलेले, घोटे सुजलेले. त्यांना कोणी काहीच सांगितलेलं दिसत नव्हतं.

मी कुशीवर वळलो.